हिला तसं होणार नाही

फोन आला तेव्हा मी आरशासमोर उभी राहून निऱ्या घालत होते. फोन आमच्या नात्यातल्या एका काकूंचा होता. भावकीतली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली आहेत. त्यांनी आधी आमच्याकडं नळाला पाणी आलं का ते विचारलं, मग उन्हाबद्दल बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या. "पोरीला बघायला पोरगं रविवारी येतंय बघा. संगट आई-वडील अन् मावशी. आणि एक सांगून ठेवते, पोराच्या आईनं तुमचे व्हिडिओ बघितलेत."

"कुठले व्हिडिओ?" मी विचारलं. जसे काही माझे दहा तऱ्हेचे व्हिडिओ होते.

"साड्यांचेच की ओ. समदे बघितले म्हणाल्या."

"मग? काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. बघितले म्हणाल्या."

फोन ठेवला आणि मी पलंगावर बसले. निऱ्या सुटून मांडीवर पडल्या. 'काय न्हाय' याचा अर्थ मला चांगला कळतो. लग्नाच्या बोलण्यात जे चांगलं असतं ते माणसं तोंडावर बोलून टाकतात. उरलेलं घरी जाऊन बोलतात.

हे व्हिडिओ काय आहेत ते आधी सांगायला हवं. दर दुपारी तीन वाजता मी फोनवरून लाइव्ह येते. नवी पेठेतल्या एका दुकानातून साड्यांचे गठ्ठे रिक्षात घालून जुळे सोलापूरला आणायचे, बेडरूमच्या पडद्यासमोर त्यातल्या आठ-दहा साड्या एकेक करून नेसायच्या, पदर पसरून दाखवायचा, आणि बघणाऱ्या बायका खाली लिहून हवी ती साडी मागवतात. इरकल, सुती, थोड्या रेशमी. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ब्याण्णव किलो आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. आता राहू दे.

सुरुवातीला मी दिसत नव्हते, फक्त माझे हात दिसायचे. पलंगावर साडी पसरायची, वरून फोन धरायचा आणि बोलायचं. हे मला फार सोयीचं होतं, कारण फोटोच्या वेळी मागच्या रांगेत जाण्यात माझा हात कुणी धरू शकलं नसतं. घरातल्या कुठल्याही लग्नाचे फोटो काढा, मी कुणाच्या तरी खांद्यामागून डोकावताना सापडेन. पुढं कुणाचं तरी मूल घेतलेलं असायचं, म्हणजे पोट झाकायला. मुलं मोठी झाली तशी पर्स आली.

पण साडी विकत घेणारी बाई हातांवर समाधान मानत नाही. "नेसून दाखवा की," "ताई, अंगावर कशी पडते ते बघायचंय," असं रोज लिहून यायला लागलं. मग माझ्या मुलीनं फोनमधली एक सोय दाखवली. एक बटण दाबलं की माझी हनुवटी एकच उरायची, कंबर आत जायची आणि रंग दोन छटा उजळायचा. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. दुपारची भांडी घासून झाली की मी माझेच व्हिडिओ बघत बसायची. ही बाई आपण असतो तर, असं वाटायचं. मग कुणी बेल वाजवली की मी उठून दार उघडायची, आणि दारातल्या माणसाला मीच दिसायची.

मग पार्सलं परत यायला लागली. आमसुली साडी म्हणून मी जी दाखवली होती ती फोनवर गुलबक्षी दिसली होती. हळदी रंगाची लिंबाच्या रंगाची दिसली होती. मला उजळ करता करता त्या बटणानं साड्याही उजळ करून टाकल्या होत्या. बार्शीच्या एका बाईंनी आवाज पाठवला, "ताई, जो रंग दाखवता तोच पाठवा की ओ, आमाला फसवून काय मिळणार तुमाला?" तो आवाज मी चार वेळा ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून बटण बंद केलं.

पुढं लोकांनी ज्याला माझी हिंमत म्हटलं ती अशी आली. मी अंगाची लाज सोडली वगैरे काही नव्हतं, साड्या परत येत होत्या एवढंच.

पहिल्या दिवशी एकानं म्हशीचं चित्र टाकलं. दुसऱ्यानं लिहिलं, तंबू विकताय का. हे लिहिणारे पुरुष साड्यांच्या लाइव्हला दुपारी तीन वाजता काय करत होते, हा प्रश्न मला नंतर पडला. त्या वेळी मात्र माझे कान तापले, मी घाईघाईनं लाइव्ह बंद केलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डब्यातल्या चार शेंगापोळ्या खाल्ल्या. रडत रडत खाल्ल्या. पुन्हा फोन बघितला तर एका बाईनं लिहिलं होतं, "तुमच्यासारखंच अंग आहे माझं. निऱ्या किती बसल्या ते सांगाल का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. जाड बाईला साडी पुरत नाही, हे साडी विकणारा तिला कधी सांगत नाही. बारीक मुलीला सात-आठ निऱ्या येतात, मला चार येतात. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर निऱ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग सांगितलं, आपल्यासारख्यांनी ब्लाउजपीस कापून घ्यायचा नाही, तो साडीलाच ठेवायचा आणि आतल्या पहिल्या वेढ्यात जाऊ द्यायचा, म्हणजे पदर आखूड पडत नाही. ब्लाउज दुसऱ्या कापडाचा शिवायचा. त्या दिवसापासून बायका वाढतच गेल्या. लातूर, इंडी, कुठून कुठून. एकीनं लिहिलं, तुम्हाला बघून मी दहा वर्षांनी फोटो काढला. एका महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. मी माइक हातात धरून म्हणाले, "बायांनो, अंग आपलं, साडी आपली, मग लाजायचं कुणाला?" टाळ्या पडल्या. मला भरून आलं. माझी मुलगी पहिल्या रांगेत बसून शिट्टी मारत होती.

त्या कार्यक्रमाचे फोटो आले तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? बोटांनी फोटो मोठा केला आणि पोट किती दिसतंय ते पाहिलं.

तर अशी मी. आणि माझी मुलगी सव्वीस वर्षांची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. सकाळी साडेसहाला स्कूटीवरून घरोघरी रक्त काढत फिरते. ना जाड, ना बारीक. आधी दोन स्थळं झाली होती आणि दोन्ही वेळा 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला होता. पत्रिका जुळत नाही हे आमच्याकडं सगळ्या नकारांचं एकच नाव आहे. हे तिसरं स्थळ होतं. मुलगा पुण्याला कंपनीत, घर अक्कलकोटकडचं, घरात आमच्यासारखंच निम्मं कन्नड निम्मं मराठी. मुलांनी आधी आपापसात बोलून घ्यावं असं ठरलं होतं, त्यामुळं तीन आठवडे ती संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीत जायची. मी भाजी निवडत बसलेली असायची आणि गॅलरीतून तिचं हसू यायचं. कसलं मोकळं हसू! कॉलेज सुटल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. तिला तो आवडला होता. तिनं सांगितलं नव्हतं, पण आईला ते काय सांगायला लागतं?

म्हणूनच मला भीती बसली. हे मोडलं तर मोडेल ते माझ्यामुळं.

मुलगी बघायला गेले की आधी तिची आई बघावी, असं आमच्याकडं जुनी माणसं सांगतात. खाण तशी माती. मुलगी वीस वर्षांनी कशी दिसेल ते आईकडं बघून कळतं. माझ्या वेळी माझ्या सासूबाईंनीही हेच केलं होतं. माझी आई अगदी काडी होती. लुगड्यात कुणी आहे की नाही असं वाटायचं. सासूबाई खूश झाल्या आणि मला पसंत केलं. मग माझं पहिलं बाळंतपण झालं आणि मी अंगानं सुटत गेले. पुढं जन्मभर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आईकडं बघून केली ओ, अन् ही अशी निघाली." म्हणजे तो नियम खोटा आहे याचा पुरावा सोलापुरात कुणाच्या घरी असेल तर माझ्याच. तरी त्या आठवड्यात मी त्याच नियमाला भ्याले.

काकूंचा फोन आला त्या दिवशी लाइव्ह झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मी ते बटण पुन्हा चालू केलं. आधीचे व्हिडिओ एकेक करत लपवून टाकले, म्हणजे मला दिसतील पण दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत. ज्या बाईनं सगळे बघितलेत तिच्यापासून लपवून आता काय उपयोग, हा विचार मनात आला होता. पण घाबरलेलं माणूस चोर गेल्यावर कुलूप लावतं. माझ्या बायका मात्र हुशार. पाच मिनिटांत लिहायला लागल्या, "ताई, एकदम बारीक झालात, बरं आहे ना?" "शुगर झाली का?" "एकदा तपासून घ्या, माझ्या नणंदेचं असंच झालं होतं." मी त्यांना म्हणाले, उजेड वेगळा आहे.

मुलीनं संध्याकाळी विचारलं, "आई, तुझे जुने व्हिडिओ कुठं गेले?"

"फोन भरला होता. काढून टाकले."

"ते फोनमध्ये नसतात," ती म्हणाली. अजून काही विचारेल असं वाटलं, पण तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली.

शुक्रवारी मी नवी पेठेत गेले आणि बाळंतिणी पोटाला बांधतात तो पट्टा मागितला. सगळ्यात मोठा. काउंटरवरची मुलगी माझ्याकडं बघून एकदम उजळली. "तुमी त्याच ना, लाइव्हवाल्या ताई? आमच्या मम्मी रोज बघतात तुमाला! आंघोळ करून बसतात ओ तीनला. तुमी ते म्हणता ना, अंग आपलं, साडी आपली?" तिनं तिथल्या तिथं माझ्यासोबत फोटो काढला. हातात पट्ट्याचा खोका. मी तो पाठीमागं धरला. "शेजारणीला पाहिजे," मी न विचारताच सांगितलं, "बाळंत झालीय."

आणि मग रविवार आला. काळी साडी चालत नाही म्हणून मी काळ्याच्या जवळची जांभळी काढली. आत तो पट्टा इतका आवळला होता की वाकता येईना. उन्हानं भिंती तापल्या होत्या, पट्ट्याखाली घाम वाहत होता. आमचे हे म्हणाले, "तुला बरं नाही का? अशी ताठ का चालतेस?" मी म्हणाले, "तुम्ही पंखा वाढवा."

माणसं चांगली होती. हे सांगायलाच हवं, कारण वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. मुलाचे वडील आमच्या यांच्याशी ऊस आणि पाण्यावर बोलायला लागले. मावशी खिडकीतून कॉलनी बघत होत्या. मुलाची आई निवृत्त शिक्षिका, सडपातळ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज मऊ. मुलगी उप्पीट घेऊन बाहेर आली तेव्हा मुलगा तिच्याकडं बघून हसला, तीही हसली, आणि मला वाटलं, झालं, जमलं. तिनं हिरवी इरकल नेसली होती. कुठलाही मेकअप नाही, केस साधे. फार गोड दिसत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, निम्मी आत, निम्मी बाहेर.

"तुम्ही पण बसा की आमच्यात," मुलाच्या आई म्हणाल्या. मी बसले. उशी घेऊन मांडीवर ठेवली.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. वाईट नजरेनं नाही. शिक्षिका वहीकडं बघते तसं. मग म्हणाल्या, "राग मानू नका हं. मनात ठेवण्यापेक्षा विचारलेलं बरं. लग्नाच्या वेळी तुम्ही अशाच होता का?"

'हो' म्हणायला हवं होतं का? 'नाही' म्हणायला हवं होतं का? की हसून म्हणायचं, ते कशाला ताई, उप्पीट घ्या? मला त्या क्षणी एकच सुचलं. पुरावा द्यायचा.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "थांबा, दाखवतेच."

मी उठले, पट्ट्यानं श्वास अडकला, तरी कपाटातून आमच्या लग्नाचा अल्बम काढून आणला. लाल मखमली पुठ्ठा, पानांवरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. मी तो त्यांच्या मांडीवर उघडून ठेवला आणि बोट दाखवलं. "ही मी. पंचेचाळीस किलो होते तेव्हा. हे बघा, मनगटात बांगड्या राहत नव्हत्या. हा बघा, हळदीचा. कशी होते बघा."

मी पानं उलटत गेले. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. घरातल्या कुणीही एवढ्या वर्षांत फोटोतल्या ज्या मुलीचं नाव काढलं नव्हतं तिला मी साक्षीला उभी केली होती.

मुलाच्या आईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फोटोकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग समोर खुर्चीत बसलेल्या माझ्या मुलीकडं पाहिलं आणि पुन्हा फोटोकडं.

"म्हणजे अगदी हिच्याएवढ्याच होता की," त्या हळूच म्हणाल्या.

मावशी वाकून बघायला आल्या. "व्हय की! डिट्टो पोरगी. लगीन झाल्यावर सुटलाय म्हणा की मग." आणि मुलाच्या आईकडं वळून त्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. त्यातला 'दप्प' हा शब्द मला ऐकू आला. जाडीला आमच्या घरात दुसरा शब्दच नाही.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मी जाड घराण्यातली नाही हे सांगायला गेले आणि बारीक मुलीची माझ्यासारखी बाई कशी होते, हे फोटो लावून दाखवून दिलं. एवढा चोख पुरावा त्यांना दुसरं कुणी देऊ शकलं नसतं. आता गप्प बसायचं तर मी अजूनच बोलायला लागले.

"नाही हो, मला थायरॉइड आहे. त्यानं झालं हे. बाळंतपणानंतर थायरॉइड झालं, मग काय करणार? हिला तसलं काही नाही. ही वडिलांच्या अंगावर गेलीय, त्यांच्याकडं सगळे सडसडीत, बघा की यांच्याकडं. आणि ही खाते पण मोजून. हिला तसं होणार नाही. मी सांगते ना तुम्हाला, हिला तसं कधीच होणार नाही."

मुलगी माझ्याकडं बघत होती. हातात रिकामा ट्रे. मुलगा आपल्या बुटांकडं बघत होता, म्हणजे मोज्यांकडं, बूट दाराबाहेर होते. आमचे हे म्हणाले, "चहा आणू का?" त्यांनी जन्मात कधी चहा आणलेला नाही.

जाताना मुलाच्या आईंनी माझा हात हातात घेतला. "कळवतो," म्हणाल्या. हात चांगला मऊ होता.

दार लागल्यावर हे एवढंच म्हणाले, "अल्बम कशाला काढलास?" मी बाथरूममध्ये जाऊन पट्टा सोडला. पोटावर लाल वळ उठले होते. मी तिथंच बादली उपडी करून तिच्यावर बसले आणि किती वेळ बसले ते माहीत नाही.

बुधवारी काकूंचा फोन आला. या वेळी त्यांनी पाण्याची चौकशी केली नाही. "पत्रिकेत नाडी एक येतीया म्हणाले." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू का? त्यांच्या थोरल्या सुनेचं पण अंग सुटलंय. थोरला लेक रोज टाकून बोलतो म्हणं तिला. त्या धास्तावल्यात ओ. पोरगी लई आवडली होती त्यांना." मी ठेवते म्हणाले.

मुलालाही काही बोलायचं होतं का, ते मला कळलं नाही. मुलीच्या फोनवर एक मेसेज आला, तिनं वाचला, फोन उलटा ठेवला आणि चपात्या लाटायला बसली. त्या संध्याकाळी ती गॅलरीत गेली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. गॅलरीत वाळत घातलेले कपडेसुद्धा मीच काढले. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. डबा झाला का, किल्ली कुठंय. जेवायला बसली की मी तिच्या ताटाकडं बघायची. भाकरी अर्धीच. मला वाटायचं तिला म्हणावं, खा गं पोटभर. पण ज्या तोंडानं 'मोजून खाते' असं सांगितलं होतं त्याच तोंडानं ते कसं म्हणायचं? मी तिच्या दाराशी जायची, हात वर करायची आणि परत फिरायची. ती आतल्या आत सुकत चाललीय अशी भीती मला दिवसभर पोखरत होती. लाइव्ह मी बंदच ठेवलं होतं. बायका विचारत होत्या, ताई कुठं आहात.

रविवारी सकाळी मी चहा टाकत होते. ती लॅबची बॅग घेऊन स्वयंपाकघरात आली. "चहा घेतलास?"

"नाही अजून."

"मग घेऊ नकोस. उपाशीपोटीच पाहिजे. बस."

"कशाला?"

"थायरॉइड बघायचंय. तुला आहे ना?"

"अगं, ते मी आपलं..."

"बस, आई."

मी खुर्चीत बसले आणि हात टेबलावर ठेवला. माझी शीर कुणाला सापडत नाही. कुठल्याही दवाखान्यात गेले तरी तीन-तीनदा टोचतात, मग तोंड वाकडं करून म्हणतात, चरबी आहे. तिनं रबरी पट्टा बांधला, दंड हातात घेतला, बोटानं दोन ठिकाणी चाचपलं आणि पहिल्याच टोचणीत शीर धरली. मला कळलंसुद्धा नाही.

नळीत रक्त चढत होतं. ती त्याच्याकडंच बघत म्हणाली, "मागच्या वर्षी मीच काढलं होतं. नॉर्मल होतं. रिपोर्ट तुझ्या हातात दिला होता."

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं गं."

"आणि मला तसं होणार नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

मी नळीतल्या रक्ताकडं बघायला लागले.

"मी तो फोटो पाहिलाय, आई. लहानपणापासून पाहतेय. मी तशीच दिसते. नाकसुद्धा तसंच. उद्या मला मूल झालं, चाळिशी आली, आणि झाले मी तुझ्यासारखी, तर?" तिचा आवाज कापत होता, हात मात्र अजिबात हलत नव्हता. "मग मी काय करायचं? कुणाला तोंड दाखवायचं? तू तर शब्द देऊन बसलीयस माझा."

मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण आला, आणि त्या रागातच मी बोलून गेले.

"झालीस तर झालीस! दिसशील माझ्यासारखी, अजून काय होणार? मी काय मेले का? खाते, पिते, चार पैसे मिळवते, गावोगावच्या बायका माझं ऐकतात. तुझा बाप मला कधी वेडंवाकडं बोलला नाही. तुला वाढवलं, शिकवलं, ते ह्याच अंगानं ना? माझं काही वाईट झालेलं नाही. तुझंही होणार नाही."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. लाइव्हवर बोलायची ते वेगळं, तिथं साडी विकायची असायची. आता बोलले आणि जाणवलं की यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तिनं सुई काढली, त्या जागी कापूस दाबला आणि माझा हात कोपरात दुमडून दिला. मग मान वर करून त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते.

"मग हेच त्यांना का नाही सांगितलंस?"